नेमलेली वाट : संगणकांच्या जाळ्यातील एक धडा

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी पाढे पाठ केले, त्याच शाळेच्या व्यासपीठावरून बोलण्याचा मान संस्थेने आज मला दिला, याबद्दल मी चालकांचा अत्यंत आभारी आहे. अशा प्रसंगी पाहुण्याने उपदेश करावा अशी प्रथा आहे. परंतु उपदेश ऐकून तुमचे कान किटले असतील याची मला कल्पना आहे, कारण मीही याच मांडवात सतरंजीवर बसून ते ऐकलेले आहेत. म्हणून ज्या कामावर माझे पोट चालते, त्या कामातील एकच लहानशी गोष्ट आज तुम्हांला समजावून सांगावी असे मी ठरवले आहे. ती समजली तर तुमच्या हातातील फोनवर आलेला निरोप कोणत्या वाटेने आला हे कळेल. आणि शेवटी माझ्या हातून झालेली एक चूकही मी सांगणार आहे. उपदेश हवाच असेल तर तो त्यातून ज्याने त्याने घ्यावा.

विषय असा : संगणकांच्या जाळ्यात माहितीला वाट कशी सापडते, आणि ती वाट माणसाने स्वतःच्या हाताने आखून द्यावी की यंत्रांवर सोपवावी? हाताने आखून दिलेल्या वाटेला आमच्या धंद्यात ‘स्टॅटिक रूट’ म्हणतात. मी तिला ‘नेमलेली वाट’ म्हणेन.

पत्रांचे खण आणि पिन कोड

माझे अब्बा टपालखात्यात सॉर्टर होते. लहानपणी कधीमधी मी त्यांचा डबा घेऊन जात असे. समोर लाकडी खणांचे मोठे कपाट, हातात पत्रांचा गठ्ठा, आणि एकेक पत्र क्षणभर पाहून योग्य त्या खणात टाकण्याचे त्यांचे काम अखंड चाललेले. मी एकदा विचारले, “अब्बा, या सगळ्यांची घरे तुम्हांला माहीत आहेत?” ते हसले आणि म्हणाले, “बेटा, घर कशाला माहीत हवे? पुढची थैली कोणती एवढे माहीत असले की पुरे.”

पुढे या धंद्यात आल्यावर माझ्या ध्यानात आले, की राउटर नावाचे यंत्र जे काही करते ते सारे अब्बांच्या त्या एका वाक्यात आलेले होते.

आपल्या देशात १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिन कोड सुरू झाला. तो आखण्याचे श्रेय श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याकडे जाते. ते संस्कृतचे कवीही होते. सहा आकड्यांचा हा क्रमांक फार विचार करून बसवलेला आहे. पहिला आकडा देशाचा मोठा विभाग सांगतो, पहिले तीन आकडे पत्रे कोणत्या जिल्ह्यात वेगळी करायची ते सांगतात आणि शेवटचे तीन आकडे नेमके टपाल कार्यालय सांगतात. दिल्लीच्या सॉर्टरला चिपळूणची गल्ली माहीत नसते. त्याने ‘४’ पाहिला की पत्र आपल्या बाजूच्या थैलीत. इकडे आल्यावर पुढचे आकडे पाहिले जातात. साताऱ्याचा पिन ४१५००१ आणि चिपळूणचा ४१५६०५. दोहोंचे पहिले तीन आकडे सारखेच आहेत. म्हणून नुसते ४१५ पाहून थांबणाऱ्याची चूक होईल. ४१५६ पर्यंत पाहणारा पत्र बरोबर घाटाखाली पाठवील. ही गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे पुन्हा येणार आहे.

राउटरचा तक्ता

संगणक एकमेकांशी बोलतात तेव्हा लांबलचक मजकूर एकसंध पाठवत नाहीत. त्याचे लहान लहान तुकडे करतात. या तुकड्याला इंग्रजीत पॅकेट म्हणतात, आपले पाकीटच. प्रत्येक पाकिटावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो. या पत्त्याला आय.पी. पत्ता म्हणतात. रूढ पद्धतीत तो चार आकड्यांचा असतो आणि प्रत्येक आकडा ० ते २५५ यांमधला असतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१०.५. आता याहून लांब पत्त्यांची नवी पद्धतही वापरात आहे, परंतु शिकणाऱ्याने जुन्या पद्धतीपासून सुरुवात करणे सोपे.

पिन कोडप्रमाणे या पत्त्याचाही पुढचा भाग जाळे सांगतो आणि मागचा भाग त्या जाळ्यातील संगणक सांगतो. किती भाग जाळ्याचा, हे तिरप्या रेघेनंतरच्या आकड्याने दाखवतात. पूर्ण पत्ता ३२ बिटांचा असतो. १९२.१६८.१०.०/२४ असे लिहिले की पहिले २४ बिट, म्हणजे पहिले तीन आकडे, जाळ्याचे. उरलेला चौथा आकडा संगणकाचा.

ज्या ठिकाणी दोन किंवा अधिक जाळी मिळतात तेथे राउटर बसतो. त्याच्यापाशी एक तक्ता असतो. त्यातील प्रत्येक ओळ एवढेच सांगते : अमुक जाळ्याकडे जायचे असेल तर पाकीट पुढे अमक्याच्या हाती द्या. संपूर्ण प्रवास कोणालाच ठाऊक नसतो. जो तो पुढचा टप्पा तेवढा जाणतो. आणि तरीही या सभागृहातून पाठवलेला निरोप दुबईत नोकरी करणाऱ्या तुमच्या भावाला क्षणार्धात मिळतो.

आता प्रश्न असा, की हा तक्ता लिहितो कोण? तीन मार्ग आहेत. जी जाळी राउटरच्या स्वतःच्या दाराला जोडलेली आहेत, त्यांच्या ओळी तो आपोआप लिहितो. दूरच्या जाळ्यांच्या ओळी एक तर माणूस हाताने लिहितो, ती नेमलेली वाट. किंवा राउटर शेजारच्या राउटरांशी बोलून स्वतः शिकतात, ती शिकलेली वाट.

एक उदाहरण

समजा, आपल्या संस्थेच्या हायस्कूलमधील संगणकांचे जाळे १९२.१६८.१०.०/२४ आहे, आणि रस्त्यापलीकडच्या मुलींच्या शाळेचे जाळे १९२.१६८.२०.०/२४ आहे. दोन्हीकडे एकेक राउटर आहे आणि त्यांच्यामध्ये एक तार ओढली आहे. तारेच्या हायस्कूलकडील टोकाचा पत्ता १०.०.०.१ आणि मुलींच्या शाळेकडील टोकाचा पत्ता १०.०.०.२.

तार जोडली, दिवे हिरवे झाले, पण हायस्कूलच्या संगणकाला मुलींच्या शाळेतील संगणक सापडत नाही. कारण हायस्कूलच्या राउटरला १९२.१६८.२०.० हे नावच माहीत नाही. म्हणून आपण त्याच्या तक्त्यात एक ओळ लिहितो : “१९२.१६८.२०.०/२४ कडे जायचे असेल तर १०.०.०.२ च्या हाती द्या.”

नवशिका येथे खूश होतो आणि थांबतो. तरीही काम होत नाही! पुन्हा पुन्हा तारा तपासल्या जातात. चूक तारेत नसते. पाकीट पलीकडे पोहोचलेले असते. परंतु उत्तर परत यायचे कसे? पलीकडच्या राउटरला १९२.१६८.१०.० ठाऊकच नाही. म्हणून तेथेही उलटी ओळ लिहावी लागते : “१९२.१६८.१०.०/२४ कडे जायचे असेल तर १०.०.०.१ च्या हाती द्या.” मुलांनो, नेमलेल्या वाटांचा हा पहिला नियम वहीत लिहून ठेवा : जाण्याची वाट आखली की परतीची वाटही आखलीच पाहिजे. माझ्या पाहण्यात नवशिक्यांच्या निम्म्याअधिक अडचणी एवढ्यावरच अडलेल्या असतात.

सर्वांत नेमकी ओळ जिंकते

दुसरा नियम आपण पिन कोडमध्येच पाहिला. एका पत्त्याला तक्त्यातील दोन-तीन ओळी लागू पडत असतील, तर ज्या ओळीचा जास्तीत जास्त भाग जुळतो तिचेच राउटर ऐकतो. १९२.१६८.०.०/१६ साठी एक ओळ असेल आणि १९२.१६८.२०.०/२४ साठी दुसरी, तर मुलींच्या शाळेचे पाकीट दुसऱ्या ओळीनेच जाईल.

याच नियमामुळे एक सोयीची युक्ती शक्य होते. ०.०.०.०/० अशी ओळ लिहिली तर ती जगातल्या कोणत्याही पत्त्याला लागू पडते, पण सर्वांत कमी जुळणारी असल्यामुळे इतर काहीच न सापडल्यावर वापरली जाते. हिला ‘डिफॉल्ट रूट’ म्हणतात, म्हणजे “ज्याचे कोणी नाही त्याचा हा.” तुमच्या घरातील वायफायच्या डबीत हीच ओळ असते. डबीला जग माहीत नसते. घरातले घरात ठेवायचे आणि बाकी सारे इंटरनेट देणाऱ्या कंपनीच्या हवाली करायचे, एवढेच ती जाणते.

या नियमाची ताकद किती मोठी आहे, हे जगाने २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाहिले. यूट्यूबचे संगणक २०८.६५.१५२.०/२२ या पट्ट्यात होते. पाकिस्तानात सरकारी आदेशानुसार यूट्यूब बंद करायचे होते, म्हणून तेथील दूरसंचार कंपनीने त्या पट्ट्यातील २०८.६५.१५३.०/२४ एवढ्या तुकड्यासाठी आपल्या जाळ्यात वेगळी वाट लावली. उद्देश देशापुरता होता. पण ती वाट बाहेर जाहीर झाली, आणि त्यांना जगाशी जोडणाऱ्या हाँगकाँगच्या कंपनीने ती न तपासता पुढे पाठवली. /२४ ही /२२ पेक्षा नेमकी! जगभरातील राउटरांनी नियमाप्रमाणे तिचेच ऐकले आणि सुमारे दोन तास यूट्यूबकडे निघालेली पाकिटे भलतीकडेच जात राहिली. यूट्यूबच्या लोकांनी मग काय केले? तोच तुकडा आणखी नेमका करून, /२५ चे दोन भाग पाडून, स्वतः जाहीर केला. काट्याने काटा काढला तो असा. एका ओळीने केवढा गोंधळ होऊ शकतो, याचे याहून चांगले उदाहरण माझ्यापाशी नाही.

फेरा आणि आंधळेपणा

नेमलेल्या वाटांचे दोन रोग आहेत. पहिला रोग म्हणजे फेरा. हायस्कूलचा राउटर म्हणतो, “हे पाकीट मुलींच्या शाळेकडे द्या”, आणि तेथला राउटर म्हणतो, “हे हायस्कूलकडे द्या.” पाकीट चेंडूसारखे इकडून तिकडे जात राहते. ते कायमचे फिरत राहू नये म्हणून प्रत्येक पाकिटावर एक आकडा लिहिलेला असतो. दर टप्प्याला तो एकाने कमी होतो, आणि शून्य झाला की पाकीट टाकून देतात. हा आकडा जास्तीत जास्त २५५ असू शकतो. पुष्कळ संगणक ६४ किंवा १२८ पासून सुरुवात करतात. पाकीट टाकून देणारा राउटर पाठवणाऱ्याला तसे कळवतो, आणि याच कळवण्याचा उपयोग करून ‘ट्रेसरूट’ ही आज्ञा वाटेतील एकेक टप्पा शोधून काढते. शाळेतील संगणकावर ती जरूर चालवून पाहा.

दुसरा रोग आंधळेपणा. राउटरच्या स्वतःच्या दाराची तार तुटली तर ते त्याला कळते आणि त्या दारातून जाणारी ओळ तो बाजूला ठेवतो. पण दोन टप्पे पलीकडे तार तुटली तर नेमलेल्या वाटेला काहीच कळत नाही. पूल वाहून गेला तरी पाटी तशीच उभी राहावी आणि गाडीवान तिच्यावर भरवसा ठेवून नदीपाशी यावा, तसे होते. नेमलेली वाट सांगितले तेवढेच करते, हा तिचा गुणही आहे आणि दोषही.

मग यंत्रांनाच शिकू द्यावे काय?

तुम्ही म्हणाल, मग राउटरांनाच आपसांत बोलून वाटा शिकू द्याव्यात. पुष्कळ ठिकाणी तसेच करतात. आजच्या इंटरनेटचा पूर्वज जो आर्पानेट, त्याच्यावर पहिला निरोप अमेरिकेत २९ ऑक्टोबर १९६९ रोजी गेला. त्याची यंत्रे सुरुवातीपासूनच वाटा आपापसांत ठरवीत. पुढे ‘रिप’ नावाची पद्धत आली. तिच्यात प्रत्येक राउटर दर ३० सेकंदांनी आपला तक्ता शेजाऱ्याला सांगतो, आणि १५ टप्प्यांपलीकडचे ठिकाण पोहोचण्याजोगे नाही असे मानतो. मोठ्या संस्थांत ‘ओ.एस.पी.एफ.’ वापरतात. तिच्यात प्रत्येक राउटर साऱ्या जाळ्याचा नकाशा मनाशी तयार करतो आणि डच शास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या रीतीने सर्वांत जवळची वाट काढतो. अशा रीतीला ‘अल्गोरिदम’ म्हणतात. हा शब्द नवव्या शतकात बगदादला गणित लिहिणाऱ्या अल्-ख्वारिझ्मी यांच्या नावावरून आला आहे, हे जाता जाता सांगतो. कंपन्या-कंपन्यांमधल्या, देशादेशांमधल्या वाटा ‘बी.जी.पी.’ नावाच्या पद्धतीने ठरतात.

आपल्या देशात १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने एर्नेट हा प्रकल्प सुरू केला. मुंबईची आय.आय.टी. आणि मुंबईचेच राष्ट्रीय सॉफ्टवेअर केंद्र यांचा त्यात सहभाग होता. सामान्य माणसाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. म्हणजे हे सारे शास्त्र आपल्याकडे रुजून फार पिढ्या झालेल्या नाहीत. त्यात शिरायला कोणालाही उशीर झालेला नाही.

परंतु शिकलेल्या वाटाही निर्दोष नसतात. २७ ऑक्टोबर १९८० रोजी सारे आर्पानेट कित्येक तास ठप्प झाले. एका यंत्रातील बिघाडामुळे त्याच्या बातमीवरील क्रमांकाचे काही बिट गळाले आणि एकाच बातमीच्या तीन प्रती तयार झाल्या. त्यांचे क्रमांक ८, ४० आणि ४४. क्रमांक संपले की पुन्हा पहिल्यापासून सुरू होत, त्यामुळे घड्याळातील आकड्यांप्रमाणे ते गोल फिरत. यंत्रांच्या हिशेबाने ४० हा ८ च्या नंतरचा, ४४ हा ४० च्या नंतरचा, आणि ८ पुन्हा ४४ च्या नंतरचा! प्रत्येक प्रत दुसरीपेक्षा ताजी वाटू लागली आणि सारी यंत्रे त्याच तीन प्रती एकमेकांना सांगत बसली. आणि ४ ऑक्टोबर २०२१ चा दिवस तर तुम्हांला आठवतच असेल. त्या दिवशी फेसबुक आणि व्हॉट्सॲप सुमारे सहा तास बंद पडले. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका चुकीच्या आज्ञेने त्यांच्या केंद्रांमधील जोडण्या तुटल्या. त्याबरोबर त्यांच्या नावांचे पत्ते सांगणाऱ्या संगणकांनी आपल्या वाटा आपणच मागे घेतल्या, आणि जगाच्या तक्त्यातून ते ठिकाण नाहीसे झाले.

मग निष्कर्ष काय? जाळे लहान असेल, बाहेर पडायला एकच दार असेल, तर नेमलेली वाट उत्तम. ती शेजाऱ्याशी बडबड करीत नाही, जुन्या कमजोर यंत्रावरही चालते आणि खोटी बातमी ऐकून फसत नाही. जाळे मोठे असेल, तारा पुष्कळ आणि बदल रोजचे असतील, तर शिकलेली वाटच हवी. शंभर राउटरांच्या ओळी हाताने कोण लिहीत बसणार? शहाणा माणूस दोन्हींची सांगड घालतो. तो मुख्य वाट शिकू देतो आणि अडीअडचणीसाठी एक नेमलेली वाट मागे राखून ठेवतो.

ही राखीव वाट ठेवण्याची रीतही सोपी आहे. एकाच जाळ्याची खबर दोन ठिकाणांहून आली तर राउटर विश्वासाचा आकडा पाहतो. आकडा लहान, तितका विश्वास मोठा. सिस्को कंपनीच्या राउटरांत स्वतःच्या दारच्या जाळ्याला ०, नेमलेल्या वाटेला १, ओ.एस.पी.एफ.ला ११० आणि रिपला १२० असे आकडे आहेत. म्हणजे माणसाने लिहिलेल्या ओळीवर यंत्र शेजाऱ्यांच्या बोलण्यापेक्षा जास्त विश्वास ठेवते. आपण मुद्दाम नेमलेल्या वाटेला २०० आकडा दिला, तर शिकलेली वाट जिवंत असेपर्यंत ती गप्प बसते, आणि ती मेली की पुढे येते.

माझी चूक

आता कबूल केलेली गोष्ट. यंत्राने माणसाच्या शब्दावर टाकलेला हा विश्वास मी एकदा वाया घालवला.

२०११ साली मी एका बँकेच्या जाळ्याचे काम पाहत होतो. एका तालुक्याच्या गावातील शाखेला दोन तारा होत्या, एक मुख्य आणि एक राखीव. वाटा ओ.एस.पी.एफ.ने आपोआप ठरत. एके दिवशी मुख्य तारेची दुरुस्ती होती, म्हणून चाचणीपुरती मी मुख्यालयाच्या राउटरवर एक ओळ लिहिली : शाखेची पाकिटे राखीव तारेने पाठवा. विश्वासाचा आकडा बदलला नाही, म्हणजे तो १ च राहिला. संध्याकाळी काढून टाकू असे मनाशी म्हटले आणि घाईत घरी गेलो. नोंदवहीत लिहिले नाही.

दोन वर्षे काहीच बिघडले नाही. शाखेची पाकिटे मुख्य तारेने येत आणि उत्तरे हळू चालणाऱ्या राखीव तारेने जात. शाखेचे लोक “संगणक जरा मंद चालतो” अशी तक्रार करीत. आम्ही ती हसण्यावारी नेली.

२०१३ साली बँकेने राखीव तारेचा करार संपवला. पलीकडून ती बंद झाली, पण मुख्यालयातील दाराचा दिवा हिरवाच राहिला. माझी ओळ आंधळेपणाने उभी. शाखेची विचारणा मुख्यालयात पोहोचे आणि उत्तर मेलेल्या तारेत नाहीसे होई. तो नेमका निवृत्तिवेतनाचा दिवस होता. सकाळी आठच्या एस.टी.ने आलेली म्हातारी माणसे दुपारपर्यंत शाखेच्या पायऱ्यांवर बसून होती. शाखेचे यंत्र सांभाळणारा तरुण मुलगा फोनवर मला काकुळतीने सांगत होता, “साहेब, एक चाचा औषध घ्यायला पैसे हवेत म्हणून तिसऱ्यांदा विचारून गेले. मी काय सांगू?” मी त्याला तारा बदलायला लावल्या, राउटर बंद करून पुन्हा सुरू करायला लावला. इकडे कार्यालयात सर्वांचे मत झाले होते, की त्या मुलानेच कशाला तरी हात लावला असणार. तो कंत्राटी होता. त्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगण्याची भाषा सुरू झाली होती.

पाच तासांनी मी मुख्यालयाच्या राउटरचा तक्ता पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. हे मी सकाळीच करायला हवे होते. शाखेच्या नावापुढे ‘एस’ हे अक्षर होते. एस म्हणजे स्टॅटिक. आणि मला ती संध्याकाळ आठवली.

ओळ काढली. काही क्षणांत शाखा सुरू झाली. कोणी लिहिली, कधी लिहिली, याची नोंद कोठेही नव्हती. मी गप्प बसलो असतो तर कोणालाही कळले नसते. खरे सांगतो, थोडा वेळ मी गप्प बसलोही. मग वरिष्ठांनी त्या मुलाचे नाव कागदावर लिहायला घेतले आणि माझ्याच्याने राहवले नाही. मी म्हणालो, “साहेब, ती ओळ माझी आहे.”

मला लेखी ताकीद मिळाली. पगारवाढ त्या वर्षी थांबली. तो मुलगा कामावर राहिला. पुढे त्याने परीक्षा दिल्या, आणि आज तो माझ्यापेक्षा चांगला राउटर वाचतो. त्या पायऱ्यांवरच्या चाचांची मात्र मला कधी गाठ घेता आली नाही.

तुमच्यासाठी

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, हे काम शिकायला फार पैसा लागत नाही. दोन-तीन जुने संगणक आणि फुकट मिळणारी लिनक्स प्रणाली असली की लिनक्सचा संगणकच राउटर होतो. तेही नसेल तर ‘पॅकेट ट्रेसर’सारखे शिकवणीचे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. आधी कागदावर जाळ्याचे चित्र काढा. प्रत्येक राउटरसाठी स्वतःला विचारा, “याला कोणती जाळी माहीत नाहीत?” मग तेवढ्याच ओळी हाताने लिहा, जाण्याच्याही आणि परतीच्याही. शिकलेल्या वाटांची पद्धत नंतर शिका. ज्याने चार वाटा हाताने आखल्या नाहीत, त्याला यंत्राने आखलेली वाट चुकली हे ओळखता येत नाही. प्रश्नोत्तरे पाठ करून प्रमाणपत्र मिळेलही. पण शाखा बंद पडते त्या दिवशी पाठांतर उपयोगी येत नाही.

आणि जी ओळ लिहाल तिची नोंद करा : काय लिहिले, का लिहिले, कोणत्या तारखेला आणि कोणी. तात्पुरती असेल तर काढण्याची तारीखही लिहा. नोंद करायला दोन मिनिटे लागतात. माझी ती दोन मिनिटे कोणाला महागात पडली ते तुम्ही ऐकलेत.

पालकहो, मुलाने किंवा मुलीने जुना संगणक उघडून घरभर तारा पसरल्या तर रागावू नका. ही तार कोठून कोठे जाते, एवढे तिला विचारा आणि तिने सांगितलेले ऐकून घ्या. मुलींविषयी तर आग्रहाने सांगतो, की या कामाला ताकद लागत नाही. नीट वाचण्याची सवय आणि धीर लागतो. पुष्कळसे काम दुरून, खुर्चीत बसून होते. आमच्या तुकडीत सर्वांत काळजीपूर्वक नोंदी ठेवणारी व्यक्ती एक मुलगीच आहे.

संस्थेच्या चालकांना एकच विनंती. शाळेच्या प्रयोगशाळेत दोन जुने राउटर आणि एक जाडजूड नोंदवही ठेवावी. राउटर मी आणून देईन. नोंदवही मात्र मुलांनीच लिहावी.